घराजवळचा हिवाळा कॅमेऱ्यात कसा टिपावा

आधी जागा ठरवा. घरून निघाल्यावर अर्ध्या-पाऊण तासात पोचता येईल असा एक पाणवठा निवडा आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी तिथेच जात राहा. पुणेकरांना पाषाण तलाव आहे, सोलापूर रस्त्यावरचं कवडीपाट आहे. नाशिककरांना निफाड तालुक्यातलं नांदूर मध्यमेश्वर, ठाणे-नवी मुंबईकरांना खाडी. यातलं काहीच जवळ नसेल तर गावचा पाझर तलाव किंवा ओढ्यावरचा बंधाराही पुरे. एकाच ठिकाणी वरचेवर गेलं की धुकं कुठून उठतं, शेकाटे कोणत्या उथळ पाण्यात चरतात, खंड्या कोणत्या काठीवर येऊन बसतो, हे हळूहळू पाठ होतं. माझ्या मते चांगले फोटो या माहितीतून निघतात. मोठी लेन्स नंतर घेता येते.

मग हिवाळ्यात येणाऱ्या पाहुण्या पक्ष्यांची ओळख करून घ्या. लडाख-तिबेटकडून हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब, केशरी अंगाचे चक्रवाक, फावड्यासारख्या चोचीचे थापट्या ही मंडळी पाण्यावर दिसतील. माळावर भोवत्या हा शिकारी पक्षी गवताला घासून उडत असतो. ज्वारीच्या शेतांवर भोरड्यांचे, म्हणजे गुलाबी मैनांचे थवे उतरतात. संध्याकाळी मुक्कामाच्या झाडांकडे जाताना हे थवे आकाशात जी वळणं घेतात, त्यांचा फोटो साध्या मोबाइलवरही सुंदर येतो. आणि पाण्यावर जायला जमलंच नाही, तर सोसायटीच्या कंपाउंडवर शेपूट थरथरवत बसलेला थिरथिरा शोधा. तोही हिवाळी पाहुणाच आहे.

उजेडाचं गणित

वर्षातला सर्वांत लहान दिवस डिसेंबरच्या २१-२२ तारखेला असतो, पण पुण्यात सूर्य सर्वांत उशिरा उगवतो तो जानेवारीत, सकाळी सात वाजून दहा मिनिटांच्या सुमारास. म्हणजे साडेसहाला जागेवर पोचलात तरी निवांत वेळ मिळतो. या दिवसांत सूर्य नेमका पूर्वेला न उगवता बराच दक्षिणेकडे सरकलेला असतो. म्हणून पावसाळ्यात पाहून ठेवलेली उभं राहायची जागा हिवाळ्यात उपयोगी पडेलच असं नाही, ती पुन्हा तपासा. डिसेंबरअखेर भर दुपारीही पुण्यात सूर्य क्षितिजापासून ४८ अंशांच्या आसपासच चढतो. त्यामुळे मे महिन्यात आठ वाजताच कडक होणारा उजेड हिवाळ्यात साडेनऊपर्यंत मऊ राहतो.

निसर्गदृश्यं आधी टिपा, पक्षी नंतर. सूर्य वर येण्याआधीची निळसर वेळ आणि धुकं दोन्ही लवकर संपतात. आदल्या रात्री आकाश निरभ्र असेल, वारा पडलेला असेल आणि हवेत दमटपणा असेल, तर पहाटे पाण्याच्या कडेला धुकं मिळण्याची शक्यता चांगली. कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर धुक्यात फसतो. एवढा पांढरा उजेड त्याला जास्त वाटतो आणि तो सगळं करडं, मरगळलेलं करून टाकतो. एक्स्पोजर, म्हणजे फोटोत येणारा उजेड, पाऊण ते एक स्टॉप वाढवा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). उलट, काळ्याशार पाण्यावर उभा पांढरा बगळा टिपताना एक्स्पोजर तेवढंच कमी करा, नाहीतर पिसांचे बारकावे जळून जातात.

एक सवय लावून घ्या: निसर्गदृश्यासाठीही टेली लेन्स, म्हणजे दूरचं जवळ आणणारी लेन्स, वापरून पाहा. धुक्यातून वर आलेले उसाचे तुरे, गुऱ्हाळाचा धूर, एकामागे एक फिकट होत गेलेल्या डोंगररांगा, हे सगळं वाइड लेन्समध्ये बारीक होऊन हरवतं.

पक्ष्याजवळ कसं जावं

खरं सांगायचं तर, जाऊच नये. त्याला येऊ द्यावं. काठावर गोणपाट अंथरून बसा, जमलं तर पोटावर झोपा, आणि कॅमेरा पक्ष्याच्या डोळ्याच्या पातळीवर आणा. उभ्याने काढलेल्या फोटोत पक्षी चिखलावर चिकटवल्यासारखा दिसतो. खाली बसलं की मागचं पाणी धूसर होतं, आणि आपली आकृती लहान झाल्यामुळे पक्षीही निर्धास्त होतात. मातकट रंगाचे कपडे घाला. अर्धा तास हालचाल केली नाही तर धोबी शेपूट हलवत अगदी जवळून जातो.

अस्वस्थतेच्या खुणा ओळखायला शिका. चरणाऱ्या बदकांनी एकदम माना वर केल्या, सगळी एकाच दिशेला सरकू लागली, तर तुम्ही हद्द ओलांडली आहे. दोन पावलं मागे या. टिटवी ओरडायला लागली तर जागीच थांबा, कारण तिच्या आवाजाने सगळं तळं सावध होतं. हजारो किलोमीटर उडून आलेल्या पक्ष्याला परतीच्या प्रवासासाठी इथे अंगावर चरबी साठवायची असते. प्रत्येक वेळी त्याला उडवलं की ती शिदोरी कमी होते. उडतानाच्या फोटोसाठी दगड मारणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांना तिथल्या तिथे थांबवायला हवं.

उडता फोटो हवाच असेल तर वारा पाहा. पक्षी सहसा वाऱ्याकडे तोंड करून उडतात आणि उतरतात. वारा आणि सूर्य दोन्ही तुमच्या पाठीशी असतील अशी जागा घेतली, तर पक्षी उजेडात आणि तुमच्याकडे तोंड करून येतो. शटर १/१६०० सेकंद किंवा त्याहून वेगवान, सलग फोकस (हलत्या पक्ष्यामागे फिरणारा) आणि आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाबाबतची संवेदनशीलता, ऑटोवर ठेवा. चरणाऱ्या पक्ष्याला १/५०० पुरतं. फोकस नेहमी डोळ्यावर.

गाडीतून टिपणं माळरानावर फार उपयोगी पडतं. बारामती तालुक्यात सुप्याजवळचं मयूरेश्वर अभयारण्य लहानसंच आहे, पण हिवाळ्यात सोनेरी झालेल्या गवतात उभा चिंकारा तिथे दिसतो. माणूस गाडीतून उतरला की तो पळतो, गाडीला तितका बिचकत नाही. इंजिन बंद करा आणि खिडकीच्या कडेवर जुन्या पँटच्या पायात तांदूळ भरून शिवलेली पिशवी ठेवा. तिच्यावर लेन्स स्थिर राहते, ट्रायपॉडची गरज उरत नाही.

खाडीवर जाणाऱ्यांनी भरती-ओहोटीचं वेळापत्रक पाहूनच निघावं. पूर्ण ओहोटीला रोहित पक्षी दूरच्या चिखलात असतात, पाणी चढू लागलं की काठाकडे सरकतात. भिगवणला, उजनी धरणाच्या फुगवट्यावर, होडीतून जाल तेव्हा निघण्याआधीच नावाड्याला सांगा, “दादा, थव्याच्या मागे नाही जायचं, लांबच थांबू.” गिऱ्हाईक खूश व्हावं म्हणून होडी जवळ नेली जाते. गिऱ्हाइकानेच नको म्हटलं तर नावाड्यालाही बरं वाटतं. कुरवांना (सीगल पक्ष्यांना) शेव-गाठी टाकून फोटो काढू नका, ते त्यांचं खाणं नव्हे.

फक्त मोबाइल असेल तर

बोटांनी झूम करू नका. पक्षी लहानच राहू द्या आणि भोवतालचा हिवाळा फोटोत घ्या: नांगरामागे चालणारे बगळे, हरभऱ्याच्या वाफ्यावरचं दव, बंधाऱ्यावरची वाफ. पडद्यावर बोट दाबून धरलं की फोकस आणि उजेड पक्का होतो, मग बोट खाली सरकवून फोटो किंचित गडद करा. उगवतीचे रंग त्यामुळे टिकतात.

कवडीपाटसारख्या जागी पाण्यावर फेस असतो, काठाला प्लास्टिक अडकलेलं असतं. ते फ्रेमबाहेर ठेवावंसं वाटतं. माझं म्हणणं आहे की काही फोटोंत ते मुद्दाम घ्या. चक्रवाकाची जोडी आणि तिच्याभोवतीच्या पिशव्या एकाच चौकटीत आल्या, तर नदीची खरी अवस्था गावाला दिसेल.

घरी आल्यावर त्याच दिवशी फोटो निवडा. प्रत्येकासोबत तारीख, वेळ आणि जागा लिहा आणि पक्ष्यांची यादी ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाका. घुबडाची ढोली किंवा कोणतंही घरटं असेल, तर समाजमाध्यमांवर नेमकी जागा सांगू नका. तालुक्याचं नाव पुरेसं आहे.