प्रोग्रामिंग ऑनलाइन शिकताना आधी अंदाज लिहा, मग प्रोग्राम चालवा

प्रोग्रामिंग शिकवणारे मोफत साहित्य इंटरनेटवर इतके आहे की नवशिक्याचा बराचसा वेळ निवड करण्यातच जातो. चार दिवस एक भाषा, मग कोणीतरी सुचवले म्हणून दुसरी, आणि प्रत्येक ठिकाणी पहिले तीन धडे, असे करत अनेकजण वर्षभर सुरुवातीलाच अडकून राहतात. म्हणून एकच भाषा आणि एकच अभ्यासक्रम ठरवून तो पूर्ण होईपर्यंत बाकीचे बाजूला ठेवावे.

पहिली भाषा म्हणून मी पायथन सुचवेन. गीडो व्हान रॉसम यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या भाषेचे व्याकरण आटोपशीर असल्यामुळे कंस आणि अर्धविरामांशी झगडण्यात शक्ती खर्च होत नाही. संगणकशास्त्राचा पाया हवा असेल, तर हार्वर्ड विद्यापीठाचा सीएस ५० हा अभ्यासक्रम उत्तम आहे. तो स्क्रॅच या ठोकळे जोडून प्रोग्राम बनवण्याच्या भाषेपासून सुरू होतो, मग सी भाषेतून मेमरी आणि डेटा स्ट्रक्चर (माहिती साठवण्याच्या रचना) समजावतो आणि त्यानंतर पायथनकडे येतो. तो कठीण आहे, परंतु त्यातील गृहपाठ खरोखर विचार करायला लावणारे आहेत. थेट पायथन किंवा सीएस ५०, दोन्हींपैकी कोणताही मार्ग चालेल. मात्र दोन्ही एकाच वेळी धरू नयेत.

आता मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी सवय सांगतो. व्हिडिओ पाहताना सगळे समजल्यासारखे वाटते, कारण विचार शिक्षक करत असतो. त्यामुळे उदाहरण दिसले की व्हिडिओ थांबवावा, कोड कॉपी न करता स्वतः टाइप करावा आणि तो चालवण्यापूर्वी काय छापले जाईल हे वहीत लिहावे. उदाहरणार्थ, १, २, ३ हे आकडे असलेल्या लिस्टला, म्हणजे पायथनमधील यादीला, ‘जुनी’ असे नाव द्या. पुढच्या ओळीत ‘नवी’ बरोबर ‘जुनी’ असे लिहा. त्यानंतर ‘नवी’च्या शेवटी ४ हा आकडा जोडा आणि ‘जुनी’ छापा. बहुतेक नवशिके १, २, ३ असे उत्तर लिहितात, पण पायथन १, २, ३, ४ छापतो. बरोबरच्या चिन्हाने लिस्टची प्रत तयार झालेली नसते. मेमरीत असलेल्या एकाच लिस्टला दोन नावे मिळालेली असतात. ही गोष्ट नुसती ऐकली तर आठवड्यात विसरते, पण स्वतःचा अंदाज चुकल्यावर कळली की ती पक्की होते, आणि जिथे अंदाज चुकतो नेमके तिथेच शिकण्यासारखे काही असते.

संगणकशास्त्राची मूलतत्त्वेही अशीच प्रयोगातून शिकता येतात. पायथनला ०.१ आणि ०.२ यांची बेरीज विचारली, तर उत्तर ०.३०००००००००००००००४ असे येते. आपल्या दशमान पद्धतीत एक तृतीयांश ही संख्या जशी नेमकी लिहिता येत नाही, तसा संगणकाच्या, फक्त ० आणि १ वापरणाऱ्या द्विमान पद्धतीत एक दशांश नेमका मावत नाही, म्हणून संगणक त्याच्या अगदी जवळची संख्या साठवतो. पैशांचा हिशेब रुपयांच्या दशांश अपूर्णांकात न ठेवता पूर्ण पैशांत ठेवण्याची पद्धत यातूनच आली आहे.

दुसरा प्रयोग आपल्या लिपीचा. ‘मराठी’ या शब्दाची लांबी विचारल्यास पायथन ५ असे उत्तर देतो, जरी आपल्याला म, रा, ठी अशी तीनच अक्षरे दिसतात. प्रत्येक लिपीतील चिन्हांना क्रमांक देणाऱ्या युनिकोड या प्रमाणात काना आणि वेलांटी यांना स्वतंत्र क्रमांक आहेत, आणि हे क्रमांक साठवण्याच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते, त्यामुळे फाइलमध्ये हा शब्द १५ बाइटची जागा व्यापतो.

अल्गोरिदमची, म्हणजे काम पायरीपायरीने करण्याच्या रीतीची, ओळख यादीतील शोधापासून करून घ्यावी. १० लाख नावांच्या यादीत एकेक नाव तपासत गेल्यास शेवटच्या नावासाठी १० लाख तुलना लागतात. तीच यादी क्रमवार लावून प्रत्येक वेळी मधल्या नावाशी तुलना करून अर्धा भाग सोडून दिला, तर २० तुलनांत काम होते. हे बायनरी सर्च स्वतः लिहून पाहावे, आणि रिकाम्या यादीवर ते काय करते तेही तपासावे, कारण चुका बहुधा अशा टोकांवर लपलेल्या असतात.

एरर आली की घाबरून पान बंद करू नये. पायथनचा संदेश खालून वर वाचावा: चूक कोणत्या प्रकारची आहे हे शेवटच्या ओळीत असते, तिच्या वर फाइलचे नाव आणि ओळ क्रमांक. तरीही उलगडा झाला नाही, तर प्रोग्राममधला अनावश्यक भाग काढत काढत चूक दाखवणाऱ्या पाच-सहा ओळीच शिल्लक ठेवाव्यात. अनेकदा हे करतानाच कारण सापडते, आणि नाही सापडले तरी मदत करणाऱ्याला नेमका प्रश्न विचारता येतो. एआय साधनांकडूनही पूर्ण उत्तर मागू नये. निदान अर्धा तास स्वतः झगडल्यानंतर केवळ एक संकेत मागावा.

पाठांच्या बरोबरीने, साधारण महिन्याभरात, स्वतःला लागणारा एखादा लहान प्रोग्राम हाती घ्यावा. खर्चाची नोंद ठेवणारा प्रोग्राम पुरेसा आहे: आधी आकडे विचारून बेरीज सांगणारा, मग नोंदी फाइलमध्ये जपणारा, मग महिन्यानुसार वर्गवारी करणारा. या टप्प्यावर गिट हे प्रोग्रामच्या जुन्या आवृत्त्या जपून ठेवणारे साधन शिकायला घ्यावे, कारण चालणारा प्रोग्राम सुधारण्याच्या नादात मोडतो तेव्हा कालच्या स्थितीकडे परतता आले पाहिजे. दुसऱ्या भाषेकडे मात्र हा प्रोग्राम पूर्ण होऊन, त्यातील प्रत्येक ओळ कशासाठी आहे हे न अडखळता सांगता येऊ लागल्यावरच वळावे.