ऑलिंपिक नॅशनल पार्कला जायचंय? आधी भरती-ओहोटी बघा

अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या या पार्कमध्ये बर्फाचे डोंगर, पावसाचं जंगल आणि रानटी समुद्रकिनारा असं सगळंच आहे, त्यामुळे लोकांना वाटतं एका बाजूने शिरू नि दुसऱ्या बाजूने निघू. तसं होत नाही. पार्कच्या मधून आरपार एकही रस्ता नाही, हायवे १०१ बाहेरून वळसा मारतो, त्याला जे फाटे फुटतात त्यातून आत जायचं आणि त्याच वाटेने परत यायचं. सिएटलहून एका दिवसात उरकायचा हट्ट अजिबात नको. तीन दिवस ठेवा, एक रात्र पोर्ट एंजलिसला, एक फोर्क्सला. गाडीचा पास ३० डॉलर, सात दिवस चालतो.

आता प्लॅन लावताना पहिल्यांदा किनाऱ्याचा दिवस पक्का करा, बाकी सगळं त्याच्या मागेपुढे बसवा. रिआल्टो बीचवरून साधारण दीड मैल चाललं की होल-इन-द-वॉल लागतं, खडकाला आरपार पडलेलं भोक, पण त्यातून जाता येतं ते फक्त ओहोटीला. शेजारच्या ला पुश गावचं टाइड टेबल, म्हणजे भरती-ओहोटीचं वेळापत्रक काढा, त्यातली वेळ उन्हाळ्याच्या घड्याळाप्रमाणे आहे ना ते तपासा (नाहीतर एक तास चुकतो), आणि ओहोटी पूर्ण व्हायच्या तासभर आधी चालायला लागा. वाळू कमी, गोटेच जास्त, पाय मुरगळतो, म्हणून घोटा धरणारे बूट घाला. लाट मागे जाताना ते गोटे एकमेकांवर घासत जो खळखळाट होतो तो मी तिथे अर्धा तास नुसता ऐकत बसले होते. फक्त पाण्याजवळच्या ओंडक्यांवर चढू नका, एवढाले झाडाचे बुंधे लाट सहज उचलते आणि त्याखाली माणसं मेलेली आहेत.

हरिकेन रिज हा डोंगरमाथा पोर्ट एंजलिसपासून १७ मैल, वर ५,२४२ फूट. निघायच्या आधी पार्कचा वेबकॅम बघा, ढग असेल तर दिवस बदला, कारण समोरची बर्फाची रांग आणि ७,९८० फुटांचा माउंट ऑलिंपस दिसणार नसेल तर वर जाऊन काय करायचं. तिथला डे लॉज २०२३ च्या आगीत जळाला, खाणं-पाणी खालूनच न्या.

पावसाचं जंगल म्हणजे ‘हो’ (Hoh) नदीकाठचं ‘हो रेन फॉरेस्ट’, तिथे मात्र सकाळी लवकर पोचा, उन्हाळ्यात पार्किंग भरलं की गेटवरच रांगेत थांबवतात. ऑफलाइन मॅप आधीच डाउनलोड करा, आत रेंज मिळत नाही. ऊन असलं तरी रेनकोट हवाच. हॉल ऑफ मॉसेसचा ट्रेल पाऊण मैलाचा, शेवाळ लोंबणारी मेपलची झाडं बघून सगळे तिथूनच परत फिरतात, तुम्ही ‘हो रिव्हर’ ट्रेलवरून थोडं पुढे नदीपाशी जा. पाणी दुधाळ राखाडी दिसेल, ती घाण नाही, वर हिमनदी खडक घासते त्याची ती बारीक पूड. वरच्या ब्लू ग्लेशियर या हिमनदीपर्यंत चालत जायचं म्हणजे एकेरी १७-१८ मैल, परमिट आणि मुक्काम आला, तेवढं जमणार नसेल तर इथेच हात बुडवा. बोटं लगेच बधिर होतात.