ट्रायलसाठी सही मागितली तर आधी हे करा

घाटीत (संभाजीनगरचा सरकारी दवाखाना) किंवा कुठल्याही मेडिकल कॉलेजात डॉक्टर म्हणले की नव्या औषधाच्या ट्रायलमधी, म्हंजी माणसांवरच्या चाचणीत, येता का, तर लगेच अंगठा देऊ नका, संमतीपत्र मराठीत मागा, घरी न्या, घरच्यांसोबत नीट वाचा. वाचता येत नसंल तर सहीच्या वेळी बाहेरचा साक्षीदार लागतोच, हे पक्कं लक्षात ठेवा. सीटीआरआय (देशातल्या ट्रायलची सरकारी नोंदवही) नंबर विचारा, २००९ पासून तिथं ट्रायलची नोंदणी सक्तीची आहे, तिच्या साइटवर फुकट बघता येतं. बऱ्याच ट्रायलमधी काहींना नवं औषध, काहींना चालू उपचार, ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरतं, डॉक्टर निवडत नाहीत. ट्रायलमुळं इजा झाली तर २०१९ च्या नियमांनुसार इलाज फुकट. मधीच सोडायचंय? डॉक्टरला सांगून कधीबी सोडा, नेहमीचे उपचार चालूच राहतात.