बाळंतिणीसाठी ॲप बनवताय? या चुका टाळा

गेली काही वर्षं मी बाळंतिणींसाठीच्या ॲपवर काम करते आहे. इतरांनी बनवलेली ॲपही माझ्याकडे तपासायला येतात आणि त्यात त्याच त्या चुका दिसतात. बहुतेकांचं मूळ एकच असतं. गरोदरपणाचं तयार ॲप घ्यायचं, आठवडे पुढे मोजत न्यायचे आणि वर 'प्रसूतीनंतर' असं लिहायचं. आठवडे बरोबर मोजले जातात, बाईकडे मात्र कोणाचं लक्षच नसतं.

सगळ्यात वाईट चुकीपासून सुरुवात करते, कारण ती मी स्वतः केली आहे.

डॉक्टरांनी दिलेल्या तारखेवर सगळं सोडून देणं

आमच्या पहिल्या ॲपमध्ये नोंदणी गरोदरपणातच व्हायची. बाळंतपणाची अपेक्षित तारीख भरली की पुढचे सगळे संदेश त्यावरून आपोआप सुटायचे. शंभरातली चार-पाच बाळंच नेमकी त्या तारखेला येतात हे आम्हाला ठाऊक होतं. थोडे दिवस मागेपुढे झाले तर चालेल, असं आम्ही धरून चाललो. बाराव्या दिवसाचा संदेश मी लिहिला होता: 'आज बारसं! बाळाचं नाव काय ठेवलं?'

एका बाईला तो पोचला तेव्हा तिचं बाळ वारून नऊ दिवस झाले होते. तिच्या भावाचा फोन आला. तो चिडलेला नव्हता. एवढंच म्हणाला, "बहिणीला हे येणं बंद करा. ती फोन हातात घेऊन बसून राहिलीय."

त्या संध्याकाळी आम्ही तिचं खातं बंद केलं आणि प्रश्न मिटला असं समजलो. काही आठवड्यांनी त्या भागातल्या आशाताई, म्हणजे घरोघरी जाणाऱ्या सरकारी योजनेतल्या आरोग्यसेविका, भेटल्या, तेव्हा पुढचं कळलं. तिची छाती दुधाने दाटून दगडासारखी झाली होती, अंगात ताप होता आणि काय करायचं ते तिला कोणी सांगितलं नव्हतं. बाळ असो वा नसो, दूध तिसऱ्या-चौथ्या दिवशी येतंच. टाके असतात, रक्त जात असतं. बाळ गेलं तरी ती बाळंतीणच असते. आम्ही खातं बंद करून तिला लागणारी माहितीही काढून घेतली होती.

तेव्हापासून माझा नियम आहे: बाळंतपण झाल्याचं कोणीतरी कळवेपर्यंत बाळाबद्दल एक अक्षरही पाठवायचं नाही. कळवल्यावर पहिला प्रश्न 'बाळ कुठे आहे?' आणि उत्तरं तीन: माझ्याजवळ, दवाखान्यात, बाळ राहिलं नाही. तिसऱ्या उत्तराला स्वतंत्र संदेश लिहून ठेवलेले हवेत. छाती दाटली तर गार पट्ट्या ठेवा, आधार देणारे कपडे घाला, ठणका कमी होईल इतकंच दूध काढा, ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. त्या भागात बाळाचं एकही चित्र नको. सहा आठवडे तिच्या तब्येतीची चौकशी चालू ठेवा. उत्तरच आलं नाही, तर फक्त आईच्या तब्येतीचे संदेश जाऊ द्या.

नवीन मंडळी मला म्हणतात, "असं क्वचित होतं, पुढच्या आवृत्तीत बघू." हे वाक्य मला ऐकवत नाही. ज्या घरात ते होतं, तिथे पुढच्या आवृत्तीपर्यंत सव्वा महिना उलटून गेलेला असतो.

फोन तिचाच आहे असं धरणं

कोणत्याही घरी गेले की मी आधी विचारते, "हा फोन कोणाचा?" नवऱ्याचा, दिराचा, कधी धाकट्या भावाचा निघतो. त्यात पहिलं बाळंतपण माहेरी. नोंदणी सासरी नवऱ्याच्या नंबरावर झालेली, तो कंपनीत पाळीवर, आणि ही माहेरी आईच्या फोनवर ॲप उघडून ओटीपीची वाट बघत बसलेली. पाळीत फोन जवळ ठेवायची परवानगी नसते. ओटीपी त्याने संध्याकाळी सांगितला, तोवर त्याची मुदत संपलेली. असं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. तिने पुन्हा ॲप उघडलं नाही आणि आमच्या तक्त्यात तिची नोंद 'रस नाही' अशी झाली.

माझी सवय आता अशी आहे की टाके, रक्तस्राव, दूध पाजणं ही माहिती लॉगिनशिवाय आणि इंटरनेटशिवाय उघडली पाहिजे. लॉगिन फक्त तिच्या स्वतःच्या नोंदींसाठी, आणि एकाच खात्याला दोन नंबर जोडता यावेत. बंद स्क्रीनवर दिसणारी सूचना कोणीही वाचली तरी चालेल अशी असावी. 'तुम्हाला उदास वाटतंय का?' हा प्रश्न सासऱ्यांसमोर उजळला, तर ती खरं उत्तर कधीच देणार नाही.

मनाच्या तपासणीची प्रश्नमंजुषा करणं

बाळंतिणीचं नैराश्य ओळखायची एडिनबरो प्रश्नावली १९८७ पासून वापरात आहे: दहा प्रश्न, जास्तीत जास्त तीस गुण. ॲपमध्ये घालायला सोपी, म्हणून सगळे घालतात. मग शेवटी लाल अक्षरांत '१८/३०' दाखवतात. ती चाळणी आहे, निदान नाही. आणि त्यातला दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराबद्दल आहे. त्याला 'कधीच नाही' सोडून दुसरं उत्तर आलं, तर त्याच दिवशी एका माणसाने तिच्याशी बोललं पाहिजे. असा माणूस नेमता येत नसेल तर ती प्रश्नावली घालू नका. त्याऐवजी साधं सांगा: पहिले काही दिवस विनाकारण रडू येणं पुष्कळ जणींना होतं; दोन आठवड्यांनंतरही तसंच वाटत असेल, किंवा स्वतःला वा बाळाला काही करावंसं वाटलं, तर थांबू नका. खाली टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर, एका स्पर्शात लागणारा.

छोट्या, पण रोज दिसणाऱ्या

'प्रसवोत्तर योनीस्राव' असं लिहू नका. बायका 'अंगावरून जाणं' म्हणतात.

बाटली आणि पावडरच्या दुधाच्या जाहिराती घेऊ नका. १९९२ च्या कायद्याने त्यांच्या प्रसिद्धीला बंदी आहे, पैसे कितीही मिळोत.

सलग किती दिवस ॲप उघडलं याचे बिल्ले देऊ नका. तिला आधीच कमी पडल्यासारखं वाटत असतं.

घरच्या रीतींवर सरसकट फुली मारू नका. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, शेपूची भाजी खुशाल खाऊ द्या. बंद खोलीतली कोळशाची शेगडी, चीक काढून टाकणं, बाळाला मध चाटवणं, बाळंतिणीचं पाणी तोडणं यांना मात्र ठाम नकार द्या, आणि तो आजीलाही पटेल अशा शब्दांत.

मजकूर ऐकायचीही सोय ठेवा. केंद्र सरकारची 'किलकारी' सेवा २०१६ पासून फोनवर आवाजातच माहिती देते. पाजताना हात आणि डोळे दोन्ही अडकलेले असतात, कान मोकळे असतात.

आणि आशाताईंच्या जागी ॲप बसवू नका. दवाखान्यात बाळंतपण झालं तर त्या ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात. घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याची पद्धत अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोलीत १९९० च्या दशकात करून दाखवली होती. तुमच्या ॲपने भेटीच्या आदल्या दिवशी एवढं विचारलं तरी पुष्कळ झालं: 'उद्या ताई येतील, त्यांना काय विचारायचंय?'

धोक्याची लक्षणं मेनूत पुरणं

'आरोग्य', त्यात 'आई', त्यात 'गुंतागुंत', त्यात एक लांबलचक लेख. ही मांडणी मी इतक्यांदा पाहिलीय की आता ॲप उघडताच आधी तेच शोधते. तासाभरात पॅड भिजतंय, मोठ्या गाठी पडताहेत, थंडी वाजून ताप येतोय, एकाच पोटरीत सूज आणि दुखणं आहे, दम लागतोय. हे तिच्याच शब्दांत, प्रत्येक स्क्रीनवरच्या एका बटणामागे हवं आणि शेजारी १०८. डोकं ठणकणं आणि डोळ्यांपुढे अंधारी येणं तर ठळक लिहा. रक्तदाब बाळंतपणानंतर सहा आठवड्यांपर्यंत चढू शकतो, आणि घरात वारं लागलं म्हणून कान बांधून झोपवतात.

तपासणीची माझी पद्धत सांगते. डाव्या हातावर तीन किलो तांदळाची पिशवी घेते, खोलीत अंधार करते, फोनचा उजेड सगळ्यात कमी ठेवते आणि रात्री तीनला उठून ॲप उघडते. ऑफिसात बसून ही चाचणी होत नाही. परवा एका टीमचं ॲप असं उघडलं, तर ते लाल बटण वरच्या डाव्या कोपऱ्यात होतं आणि उजवा अंगठा तिथवर पोचेना. त्यांना दुसऱ्या दिवशी ते खाली आणायला लावलं.