‘समजले का?’ याच्या पुढे: नाशिकमधील रुग्णालयांसाठी

रुग्णाने औषध चुकीचे घेतले की ‘लोक ऐकतच नाहीत’ असे म्हणून आपण मोकळे होतो. परंतु केसपेपरपासून औषधाच्या खिडकीपर्यंत त्याला कोणी, कोणत्या शब्दांत काय सांगितले, हे आधी तपासावे. त्यासाठी रुग्णालयात कधी न आलेल्या एखाद्या व्यक्तीला एकटीने प्रयोगशाळेपर्यंत जाण्यास सांगून ती जिथे अडेल त्या जागा टिपाव्यात. ‘पॅथॉलॉजी’ देवनागरीत लिहिल्याने पाटी मराठी होत नाही. ‘रक्त-लघवी तपासणी’ लिहावे.

खरे काम बोलण्यात आहे. ‘समजले का?’ असे विचारल्यावर पुष्कळ रुग्ण नुसती मान डोलावतात, कारण डॉक्टरांना ‘नाही’ म्हणणे त्यांना अवघड वाटते. त्याऐवजी परिचारिकेने म्हणावे, ‘मावशी, मी नीट सांगितले की नाही ते मला बघायचे आहे, घरी गेल्यावर ही गोळी कशी घ्याल?’ उत्तर चुकल्यास तेच वाक्य आवाज चढवून न सांगता शब्द बदलून सांगावे आणि पुन्हा विचारावे. एक लिटरसाठीचे ओआरएसचे पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात मिसळून ते २४ तासांच्या आतच वापरायचे, हे तोंडी सांगणे सोपे आहे. परंतु घरात लिटरचे माप नसेल तर त्याचा उपयोग नाही, म्हणून पाण्याची लिटरची बाटली समोर ठेवूनच दाखवावे. लोहाच्या गोळीबरोबर चहा नको, हेही आवर्जून सांगावे, कारण चहामुळे लोह कमी शोषले जाते.

चिठ्ठीवरचे ‘बीडी’ (दिवसातून दोनदा), ‘टीडीएस’ (दिवसातून तीनदा) रुग्णासाठी नसतातच. पाकिटावर सकाळ, दुपार, रात्र असे लिहून सूर्य-चंद्राची चित्रे काढावीत. ‘रिपोर्ट निगेटिव्ह’ हे ऐकून काहीतरी वाईट निघाले असे वाटू शकते, म्हणून ‘तपासणीत आजार आढळला नाही’ असे सांगावे.

सुरगाणा-पेठकडून येणाऱ्यांची कोकणी (कोकणा आदिवासींची बोली), बागलाण-मालेगावची अहिराणी, मालेगाव शहरातील उर्दू आणि सातपूर-अंबडच्या कामगारांची हिंदी जाणणारे कर्मचारी कोण आहेत, याची यादी प्रत्येक पाळीत नोंदणी खिडकीवर असावी. दुभाषी म्हणून रुग्णाच्या लहान मुलाला उभे करू नये. छापील पत्रक छपाईपूर्वी आशाताईंकडून आणि दोन-चार रुग्णांकडून मोठ्याने वाचून घ्यावे. दर आठवड्याला औषध घेऊन निघालेल्या दहा जणांना मात्रा विचारावी आणि जे औषध सर्वाधिक चुकते, त्याचे पाकीट व समजावण्याची पद्धत आधी बदलावी.