बायबल समजून कसे वाचावे : खेड्यातल्या विश्वासणाऱ्यांसाठी

बायबल घरात असतं, रविवारी उपासनेला हातात असतं, तरी वाचलेलं आत उतरत नाही, ही तक्रार विदर्भातल्या खेड्यांत पुष्कळ ऐकू येते. एकेक पास्टर चार-पाच गावं सांभाळतात. मधल्या दिवसांत आपलं आपल्यालाच वाचावं लागतं. शिक्षण कमी असलं तरी ते जमतं; घाई मात्र सोडावी लागते.

सुरुवात मार्काच्या शुभवर्तमानापासून करा, त्यात येशूचं चरित्र आहे. उत्पत्ती या पहिल्या पुस्तकापासून निघालेले बरेचजण लेवीय या तिसऱ्या पुस्तकात अडकतात आणि पुस्तक मिटतात. मार्काचे अध्याय १६च, चारही शुभवर्तमानांत ते सगळ्यांत लहान. वेळ ठरवून घ्या. कापूस वेचणीच्या दिवसांत रात्री डोळे उघडे राहत नाहीत, म्हणून पहाटेची वेळ बरी.

वाचण्याआधी प्रार्थना करा, लांबलचक नको. ११९व्या स्तोत्राचा कर्ता देवाला विनवतो, माझे डोळे उघड, म्हणजे तुझ्या नियमशास्त्रातल्या अद्भुत गोष्टी मला दिसतील. तीच मागणी आपल्या बोलीत करा. पवित्र आत्म्याने उजेड दिल्याशिवाय वचन मनाला भिडत नाही, असं मी ठामपणे मानतो. मात्र प्रार्थना झाली म्हणजे विचार करायची गरज संपली, असं नाही.

आता दहा-पंधरा वचनांचा उतारा घ्या, मोठ्याने दोनदा वाचा आणि त्याला प्रश्न विचारा. कोण बोलतो? कोणाला? ऐकणारे कसे जगत होते? मार्काच्या ४थ्या अध्यायातला पेरणाऱ्याचा दाखला घ्या. आपल्याकडचा शेतकरी पहिल्यांदा तो नीट ऐकतो तेव्हा सरळ विचारतो, “रस्त्यावर कोण बी फेकते बा?” हा प्रश्न दाबू नका, तो फार मोलाचा आहे. आपण मृगाच्या पावसावर तिफणीने ओळीत पेरतो, त्यामुळे दाणा पांदणीवर पडायचं कारणच नाही. येशूच्या काळी त्याच्या गालील प्रांतात शेतकरी झोळीतलं बी हाताने फेकत चालायचा. पायवाटा शेतातून जायच्या आणि बऱ्याच ठिकाणी मातीच्या पातळ थराखाली खडक असायचा. म्हणून थोडं बी वाटेवर पडणारच, थोडं खडकाळीवर, थोडं काट्यांत. एवढं कळलं की पेरणारा वेंधळा वाटत नाही. तो हात आखडता न घेता सगळीकडे पेरतो, हे दिसू लागतं.

तिथेच थांबू नका. १०वं वचन पाहा. लोक पांगल्यावर येशूचे बारा शिष्य आणि सोबतचे काही जण त्याला दाखल्याचा अर्थ विचारतात आणि तो त्यांना उलगडून सांगतो. ऐकलं सगळ्यांनी, पण उलगडा विचारणाऱ्यांना झाला. मग १९वं वचन स्वतःला लावून बघा. काटे म्हणजे संसाराची चिंता, पैशाचा मोह, इतर हाव. सावकाराचं देणं, मुलीचं लग्न, कापसाचा भाव, यांतलं वचनाची वाढ खुंटवणारं माझ्या घरात काय आहे? उत्तर वहीत लिहा.

एकच वचन उचलून त्यावर हक्क सांगायची सवय सोडा. यिर्मया २९:११ पुष्कळ घरांत कॅलेंडरवर असतं : तुमच्याविषयी माझे संकल्प हिताचे आहेत. देवाचं हे वचन खरंच आहे, पण १०वं वचनही वाचा. हे यिर्मया संदेष्ट्याचं पत्र बाबेलात बंदिवान होऊन गेलेल्या यहुद्यांना आहे आणि सुटकेला ७० वर्षं लागतील, असं त्यात लिहिलंय. तोवर तिथे घरं बांधा, मळे लावा, त्या शहरासाठी प्रार्थना करा, असंही सांगितलंय. नापिकीने खचलेल्या माणसाला यंदाच कर्ज फिटेल असं या वचनावरून सांगणं मला चुकीचं वाटतं. लांबलेल्या दिवसांतही देव सोडत नाही, हे त्याला सांगावं. तो आधार जास्त टिकतो.

किती वाचलं याचा हिशेब ठेवू नका. कवी ना. वा. टिळकांना नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेत एका सहप्रवाशाने नवा करार दिला. त्यांना धरून ठेवलं ते मत्तयातल्या डोंगरावरच्या प्रवचनाने, अवघ्या तीन अध्यायांनी. १८९५मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. एखाद्या उताऱ्यावर आठवडा गेला तर जाऊ द्या.

आठवड्यातून एकदा दोन-चार घरं मिळून बसा. ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवा आणि त्यांचं मत आधी विचारा. आजीबाईंना जे दिसतं ते शिकलेल्यांना कित्येकदा दिसत नाही. प्रेषितांची कृत्ये ८ मध्ये यशया संदेष्ट्याचं पुस्तक वाचणारा कूशी (इथिओपियाचा) अधिकारी फिलिप्प या सुवार्ता सांगणाऱ्याला म्हणतो, कोणी वाट दाखवल्याशिवाय मला कसं समजणार? १७व्या अध्यायात बिरुया शहराचे लोक प्रेषित पौलाचं बोलणंही रोज शास्त्रात ताडून पाहतात. म्हणजे विचारायचंही आणि तपासायचंही, मग बोलणारा मोठा पास्टर का असेना.

जे समजलं त्यातलं एक त्याच आठवड्यात करा. क्षमेचं वाचलं तर शेताच्या धुऱ्याच्या (बांधाच्या) वादावरून ज्याच्याशी बोलणं बंद आहे, त्याच्या दारात जा. योहान ७:१७ प्रमाणे, देवाच्या इच्छेप्रमाणे करू पाहणाऱ्यालाच ही शिकवण देवाची आहे की नाही ते कळतं. ही पायरी गाळली तर बाकीच्यांचा फारसा उपयोग होत नाही.

न उलगडलेले प्रश्न वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा आणि पास्टर आले की जेवणाआधीच वही पुढे करा. मार्क संपला की तोच एकदा पहिल्यापासून वाचा. मग लूक आणि त्याला जोडून प्रेषितांची कृत्ये घ्या. दोन्ही एकाच लेखकाची आहेत आणि दुसरं पहिल्याच्या पुढून सुरू होतं.