स्लॅबला चुना मारायचा तर

आभाळात उंचावर गंधकाचं धुकं सोडून थोडं ऊन माघारी धाडायचं, असा एक विचार शास्त्रज्ञांत चालू आहे. १९९१ ला फिलिपाइन्समधला पिनातुबो ज्वालामुखी फुटला, तेव्हा त्यातल्या गंधकानं जग अर्ध्या अंशाच्या आसपास गार झालं. पण पुढच्या वर्षी जमिनीवरचा पाऊसही घटला. आमच्या परभणीकडं सोयाबीन, कापूस सगळं पावसाच्या जिवावर. म्हणून मला ते काम नको वाटतं. आपल्या स्लॅबवरून धाडा की ऊन! त्यानं जग गार व्हायचं नाही, खालची खोली होईल. मी पेंटर, तेवढं सांगतो.

होळी झाली की काम काढा. मे महिन्यात चुना ओढता ओढता सुकतो आणि भुकटी होऊन उडतो.

कळीचा चुना घ्या. लोखंडी ड्रममध्ये आधी पाणी, मग त्यात खडे थोडे थोडे. खड्यांवर पाणी ओतलं तर चुना उसळून अंगावर येतो. प्लास्टिकची बादली वापरू नका, वितळते. पोरांना लांब ठेवा. डोळ्यात उडाला तर चोळायचं नाही, पाण्यानं धूत राहायचं आणि दवाखाना गाठायचा. रात्रभर मुरला की जुन्या धोतरातून गाळा, थोडं फेव्हिकॉल घाला, ताकाइतका पातळ करा.

शेवाळ घासून काढा, भेगा बुजवा. ऊन उतरल्यावर स्लॅब ओला करून पहिला हात मारा. दुसरा आडवा, तिसरा उभा, प्रत्येक आधीचा वाळल्यावर. एकाच हातात जाड थर देणाऱ्याचे पापुद्रे निघतात, मग शिव्या चुन्याला.

पत्र्याला मात्र चुना नको, ओला चुना जस्त खातो. तिथं प्रायमर आणि वर पांढरा कूल रूफ पेंट. शेजारच्या तेलंगणानं २०२३ ला अशा छतांचं धोरणच काढलंय. मातीच्या माळवदाला काही करू नका, ते मुळातच गार.

खोली दोन-चार अंशांनी उतरते. कूलरची अपेक्षा धरू नका. वावटळीची धूळ बसली की पांढरेपणा जातो, तेव्हा अधूनमधून झाडून घ्या. पहिल्या पावसाचं पाणी टाकीत सोडू नका. आणि शेजाऱ्याची माडी उंच असेल तर आधी विचारा. चकाकी त्याच्या खिडकीत जाते, आणि भांडण मिटवायचे पैसे पेंटर घेत नाही.